दत्ता, तू रोबोकडे का गेलास?

दत्ता,

पुण्याहून निघालो तेव्हा मला फोनवर एवढंच कळलं होतं, की सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या तुला धाप लागली आणि गाडीत घालेपर्यंत सगळं आटोपलं. हार्ट अटॅक, असं सगळे म्हणत होते. मीही तेच धरून चाललो होतो. तुझं वजन, तुझा मधुमेह, तुझी धावपळ, दुसरं काय होणार? बोरीत पोचलो तर अंगणात पाणी तापलं होतं. तुझे थोरले बंधू नानाभाऊ धोतर खोचून उभे होते. मला बघून म्हणाले, "इलास, ये. तू बी घाल दोन तांबे. तू का परका हायेस?"

मी तांब्या उचलला. तुला भिंतीला टेकवून बसवलं होतं, दोघांनी खांदे धरले होते. पाणी ओतलं आणि माझा हात तिथंच थांबला.

तुझ्या पोटावर ऑपरेशनची नवी भोकं होती. भरत आलेली, कडा अजून गुलाबी, काही आठवड्यांपूर्वीची. पूर्वी तुझं ऑपरेशन करताना मी पाडलेली भोकं मी ओळखली, ती केव्हाच पांढरी पडली होती. ही वेगळी होती. दोन्ही कुशींपर्यंत पसरलेली, एकमेकांपासून चांगली चार-चार बोटं लांब. ऑपरेशन करणाऱ्या रोबोचे हात एकमेकांवर आदळू नयेत म्हणून भोकं अशी लांब लांब पाडावी लागतात. अंगणातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. नानाभाऊ म्हणाले, "थांबलास का? वत की." मी ओतलं. तू माझ्यापासून काय लपवलंस ते मला तुझ्या तोंडून कळलं नाही, तुझ्या प्रेताला आंघोळ घालताना कळलं. कुकडीच्या काठावर तुला अग्नी दिला तेव्हा बाकीचे रडत होते आणि मी दात आवळून उभा होतो. लोकांना वाटलं, डॉक्टर माणूस, मन घट्ट आहे.

मन घट्ट वगैरे काही नव्हतं. मला तुझा संताप आला होता. अजून आहे.

तुला माहीत असलेलंच परत सांगतो, कारण तू ते विसरल्यासारखा वागलास. वजन कमी करण्याची ऑपरेशनं हा माझा धंदा. दुर्बिणीनं करतो, हातानं करतो. घास अडावा म्हणून तुझ्या जठराला पट्टा बांधला तो मीच. काही वर्षांनी तो सरकला, तुला रात्रंदिवस आंबट ढेकर यायला लागले, वजन होतं तिथं परत आलं, तेव्हा पट्टा काढून जठराला बायपास करावा लागेल, हेही मीच सांगितलं. तू तुझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसला होतास. म्हणालास, "करू की. पन एक ध्यानात ठेव, माझ्या पोटात तुझ्याबिगर दुसऱ्या कुनाचा हात शिरनार न्हाई." मी खूश झालो. मूर्खासारखा खूश झालो.

आणि मग तू बडोद्याला लेकीकडे गेलास. म्हणजे मला तसं सांगितलंस. तिथून फोनही केलास. "इकडं लई उकाडा हाय राव. नातू तर नुसता डोक्यावर बसतोय." मी तुला बजावलं, फरसाणाला हात लावू नकोस. तू म्हणालास, "एक कन बी न्हाई खाल्ला." खरंच बोललास लेका. मुंबईच्या हॉस्पिटलात खाटेवर पडून, हाताला सलाईन लावून, कोण फरसाण खाणार?

एवढ्या बारकाव्यानं खोटं बोलायला तू कधी शिकलास, ते मला कळत नाही. शाळेत तुला साधं खोटं जमत नव्हतं. गुरुजींनी नुसतं बघितलं तरी तू कबूल होऊन मोकळा व्हायचास आणि मलाही बरोबर घेऊन बुडायचास.

नव्वदच्या दशकातली ती दोन-तीन वर्षं मी या दिवसांत पुन्हा पुन्हा उगाळत बसलोय. दुर्बिणीची शस्त्रक्रिया तेव्हा नुकती आली होती आणि आपल्यासारख्या शिकाऊ डॉक्टरांना कोणी शिकवायला तयार नव्हतं. मोठ्या डॉक्टरांच्या मागे उभं राहून जे दिसेल ते डोळ्यांत साठवायचं आणि सुट्टीत गावी आलो की तुझ्या पडवीत सराव. पुठ्ठ्याचं खोकं, त्याला वरून भोकं, आत जुना कॅमेरा, बाहेर तुझ्या वडिलांचा छोटा टीव्ही. आणि खोक्यात टोमॅटो. लांब दांड्याच्या चिमट्यांनी त्या टोमॅटोची साल सोलायची, गर न फोडता. नारायणगावच्या बाजारात जे टोमॅटो गाड्या भरभरून जात, त्यांतले किती आपण वाया घालवले याची गणती नाही. तुझी आई म्हणायची, "शिकून सवरून काय करत्यात, तर टमाटं सोलत्यात." संध्याकाळी त्याच टोमॅटोची चटणी ताटात यायची. तू खोक्यावर वाकलेला, मी टीव्हीकडे बघत तुझ्यावर ओरडणारा. तुझा हात माझ्यापेक्षा सफाईदार होता, हे मी कधी नाकारलं नाही. माझ्या हातात जे काही आलं ते त्या पडवीत आलं. त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहूनच गेले, आणि आता मानावेसेही वाटत नाहीत.

पुढे मी पुण्याला राहिलो, तू परत आलास. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुके तुझे. कुठं आहुपे, कुठं पिंपरी पेंढार, जीप काढायची आणि जायचं. आणि गेलास की चहा. आपल्याकडे डॉक्टर घरात येऊन चहा न घेता गेला तर घरचा पेशंट राहतो बाजूला, सगळ्या घराला लागतं. "घोटभर तरी घ्या." तो घोटभर म्हणजे काठोकाठ कप, अर्धा साखरेनं भरलेला. तू कधी नाही म्हणाला नाहीस. असा तू फुगत गेलास.

पट्टा बांधल्यावर वर्षभर तू सुरेख उतरलास. मग काटा थांबला, मग उलटा फिरला. मी विचारायचो, काय खातोस? तू छातीवर हात ठेवून सांगायचास, काहीच नाही, चतकोर भाकरीसुद्धा उतरत नाही. ते खरंच होतं. पट्टा भाकरी अडवतो, चहा अडवत नाही. दूध अडवत नाही, उसाचा रस अडवत नाही. आणि एकदा यात्रेच्या पंगतीत मी तुझ्या शेजारी बसलो तेव्हा बाकीचं कोडं सुटलं. आमटीत भाकरी कुस्करायची, आपण सगळेच कुस्करतो. पण तू ती अशी कुस्करत होतास की तिची पेज व्हावी. आणि मग थाळा तोंडाला. एक झाला, वाढप्यानं पळी पुढे केली, दुसरा झाला. मासवडीच्या रश्शाचंही तेच. मी तुला तिथंच शिव्या घातल्या. तू मिशीवरची आमटी पुसत म्हणालास, "तू खायला बंदी केलीस. प्यायला कुठं केलीस?" सगळी पंगत हसली, मीसुद्धा हसलो. पुण्यामुंबईच्या माझ्या कुठल्याही पेशंटनं पट्टा असा हरवला नव्हता.

आता रोबोबद्दल.

आपला हा वाद किती वर्षं चालला? वाद तरी कसा म्हणू, कारण तू नेहमी माझ्याच बाजूनं बोलायचास. दुर्बिणीच्या ऑपरेशनात आमची अवजारं सरळ, लांब. पोटाच्या भिंतीतून आत गेली की हात डावीकडे नेल्यावर आतलं टोक उजवीकडे जातं. लठ्ठ माणसाच्या पोटाची भिंत इतकी जड असते की तीच अवजाराला मागे रेटते, आणि सगळ्यात नाजूक टाके घालायची वेळ येते तेव्हा खांदे भरून आलेले असतात. रोबोत सर्जन बाजूला खुर्चीवर बसतो. आतल्या अवजाराला मनगट असतं, ते हवं तसं वळतं, थरथरत नाही. चित्र सपाट नसतं, काय किती खोल आहे तेही दिसतं. हे सगळं मी कबूल करत आलो. पण त्या यंत्राला स्पर्श नाही. दुसऱ्यांदा पोट उघडायचं म्हणजे आत सगळं एकमेकाला चिकटलेलं असतं, यकृत जठराला, जठर पट्ट्याला. मऊ जठर कुठं संपलं आणि कडक व्रण कुठं सुरू झाला, हे मला अवजाराच्या दांड्यातून बोटांना कळतं. रोबोवर बसलेल्याला ते नुसत्या डोळ्यांनी ओळखावं लागतं. शिवाय पेशंटला शेवटी फरक काय? रक्तस्राव, गळती, घरी जायचे दिवस, यांत रोबो सरस आहे असं कुणी मला अजून पटवून दिलेलं नाही. कुणाच्या हातात अवजार आहे त्यावर सगळं ठरतं, हे माझं म्हणणं.

मंचरला डॉक्टरांची सभा भरली होती आणि शहरातून आलेला एक वक्ता पडद्यावर रोबोची चित्रं दाखवत होता, तेव्हा मी उठून हेच बोललो. सभेत जरा कुजबुज झाली. मी जुन्या वळणाचा, यंत्राला घाबरणारा, असं काहीसं. तेव्हा तू उठलास. तुला उठायलाही वेळ लागायचा. "सायेब," तू त्या वक्त्याला म्हणालास, "आमच्या बाजारात टमाटं दाबून बघत्यात, मग घेत्यात. लांबून नुसतं बघून घेनारा मानूस आमी अजून पाह्यला न्हाई." सभा खो खो हसली. वक्ता बिचारा गडबडला. परत येताना गाडीत मी तुझ्या पाठीत धपका घातला. त्या दिवशी मला वाटलं, जगात एक माणूस आहे ज्याला माझं म्हणणं कळतं.

काल तेरावं झालं. माणसं पांगली. सुमनवहिनी माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, ऑपरेशन कुठं केलं?

त्या म्हणाल्या, "मला शपथ घातली व्हती भाऊजी. तुमाला कळू द्यायचं न्हाई म्हनून."

"पण का वहिनी?"

"मुंबईला कसलं शिबिर व्हतं. तिथं ती मशीन व्हती, त्येच्यावर त्यांना बसवलं. बसून काय काय करून पाह्यलं म्हनं. घरी आले ते निराळेच. मला म्हनले, सुमे, ह्येच्यापुढं आमचे हात म्हंजी काहीच न्हाईत. इलास कितीबी मोठा झाला तरी हे त्येला जमायचं न्हाई."

"मग मला तसं सांगायचं ना!"

"मी बी तेच म्हनले. तर म्हनले, इलासला लागंल. बारीक झालो की समक्ष जाऊन सांगीन, मग हसंल तो बी." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आन् म्हनले, सभेत त्येची बाजू घ्यावीच लागती. आपल्या गावचा हाय."

दत्ता, मी तिथून उठलो आणि नदीपर्यंत चालत गेलो. पट्टा सरकला, रोबो आला, यातलं काहीही मला त्या शेवटच्या वाक्याइतकं लागलं नाही. म्हणजे टोमॅटोचा तो दृष्टांत तू दिलास, तो मी तुझ्या गावचा म्हणून. तुला तो पटलेला नव्हता. तुझ्या मनात माझे हात केव्हाच मागे पडले होते आणि तू माझ्या पाठीवर हात फिरवत राहिलास.

आपल्याकडची रीत तुला मी सांगायला नको. पावणं आलं की कांदा सडला असला तरी "बरं हाय" म्हणायचं. घरात भांडण पेटलेलं असलं तरी हसून पाट मांडायचा. खरं बोलायचं ते घरच्यांशी. भावाशी तर कचाकचा भांडायचं, बांधावर उभं राहून आयमाय काढायची, कारण तो भाऊ आहे. तू मला भाऊ म्हणत आलास. आणि वेळ आली तेव्हा मला पावणं केलंस. पाट मांडलास, चहा दिलास, "बरं हाय" म्हणालास. तू समोर उभा राहून म्हणाला असतास, "इलास, तुझ्यापेक्षा ते यंत्र बरं, मी तिकडं चाललो," तर मी तुझी गचांडी धरली असती. महिनाभर बोललो नसतो. आणि ऑपरेशनच्या दिवशी मुंबईला येऊन तुझ्या खाटेशी उभा राहिलो असतो. हे तुला माहीत नव्हतं, असं मी मानायला तयार नाही.

तुझी बाजूही मांडून पाहिली. पोट तुझं, जीव तुझा. एखाद्या पेशंटनं माझ्यापेक्षा दुसरा बरा म्हणून तिकडे जावं, यात मी कधी अपमान मानला नाही. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता, म्हणजे तुझी पारखही चांगली असणार. कदाचित त्या यंत्राबद्दल तुझंच बरोबर असेल. एवढं मी कबूल करतो, आणि तरी राग जात नाही.

आज सकाळी वहिनींकडून नंबर घेऊन त्या मुंबईच्या सर्जनला फोन केला. तरुण आवाज, अदबीनं बोलणारा. मी नाव सांगितलं नाही, नुसतं दत्ताचा डॉक्टर मित्र म्हणालो. मला त्याच्यात खोट काढायची होती, खरं सांगतो. आत काय सापडलं, सगळं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. यकृत चांगलंच चिकटलं होतं, ते सावकाश सोडवलं. पट्टा निघाला. बायपास झाला. टाके रोबोनं घातले, एक थेंब गळती नाही. मी करताना जिथं जिथं घाबरलो असतो, तिथं तिथं तो नीट गेला होता. शेवटी तो म्हणाला, "सर, घरी गेल्यावर रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली असावी. आम्हालाही फार धक्का बसला."

तशी गुठळी दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरही होते, रोबोच्याही. ऑपरेशन रोबोनं केलं म्हणून तू गेलास, असं मला म्हणता आलं असतं तर किती हलकं वाटलं असतं.

"रक्त पातळ करायची इंजेक्शनं घरी किती दिवस चालू ठेवली होती?" मी विचारलं.

"नेहमीइतकी."

"त्याला नेहमीइतकी पुरणार नव्हती! पहिल्या ऑपरेशननंतर त्याच्या डाव्या पायात गुठळी झाली होती. पोटरी अशी सुजली होती. महिनोन् महिने औषध चाललं होतं. तुम्ही विचारलं नाही?"

तो म्हणाला, "विचारलं होतं सर. ते स्वतः डॉक्टर. नाही म्हणाले."

मग माझा तोल सुटला. मी ओरडलो. म्हटलं, दुसऱ्यांदा पोटात शिरता आणि पहिल्यांदा ज्यानं ऑपरेशन केलं त्याला एक फोन करत नाही? तो अजून पुण्यात बसलाय, रोज ऑपरेशनं करतोय. एका वाक्यात सांगितलं असतं त्यानं, ह्याच्या पायाकडे लक्ष ठेवा, इंजेक्शन बंद करू नका.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सर," तो हळूच म्हणाला, "मी पहिल्याच भेटीत त्या डॉक्टरांचा नंबर मागितला होता. जुने कागदही मागितले होते. दत्तात्रय सर म्हणाले, ते वारले. लहानपणापासूनचे मित्र होते म्हणाले. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही."

मी फोन ठेवला. तो वारलेला मित्र मीच, असं त्या पोराला सांगायचं मला धाडस झालं नाही.

आता कळतं, पायाचं तू का लपवलंस. ते सांगितलं असतंस तर त्यानं तेव्हाच्या उपचारांचे कागद मागवले असते, त्यांवर माझं नाव आलं असतं, आणि तुझा मेलेला मित्र जिवंत निघाला असता.

मी जिवंत होतो रे, दत्ता. तुझा बडोद्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्याच घंटेला उचलला होता. तू म्हणालास, लई उकाडा हाय.